धड पळवेना, धड पुसवेना

1200 रुपये मोजून 'क्विक ड्राय' टीशर्ट घेतला. ड्राय? पर्वतीच्या 103 पायऱ्या संपायच्या आत पाठीला चिकटला, ओल्या पापडासारखा! काखेतली शिवण तर अशी घासते की आंघोळीचं पाणी लागताच आई आठवते. परत द्यायला गेलो तर म्हणे, ''घाम लागलेला माल घेत नाही.'' अहो, मग तो कशासाठी होता? लग्नात मिरवायला?

शेवटी आईनेच फरशी पुसायला घेतला. पॉलिएस्टर! पाणी टिपतोय कसला, नुसतं इकडचं तिकडे ढकलतो. बाबांचा 80 रुपयांचा सुती बनियन फाटल्यावरही चार वर्षं पोछा म्हणून राबला (अजून राबतोय). आणि हे 1200चे नवाब? सध्या स्कूटरच्या सीटवर पसरलेत. तिथूनही वाऱ्याने उडतात.