सेतार म्हणजे सतार नव्हे, चहारगाह म्हणजे भैरव नव्हे

संगीतप्रेमींच्या ग्रुपवर एक मजकूर वारंवार फिरतो. इराणचं शास्त्रीय संगीत म्हणजे आपलंच रागसंगीत, फक्त नावं फारसी, असं त्याचं सार. पुरावे पाच: सेतार म्हणजे सतार, संतूर दोन्हीकडे एकच, दस्तगाह (तिथली सुरावटींची एक मोठी चौकट) म्हणजे राग, चहारगाह (त्यांतलाच एक दस्तगाह) म्हणजे भैरव राग, तहरीर (गळ्याची एक खास हरकत) म्हणजे तान. पाचही टिकत नाहीत. आणि नुकसान ऐकणाऱ्याचं होतं, कारण हे मनात धरून ऐकलं की इराणी गायकाचा नेमका लागलेला सूरही बेसूर वाटतो.

‘सेतार म्हणजे सतार.’ नाव तिथूनच आलं, हे खरं. ‘से’ म्हणजे तीन. पण आजच्या इराणी सेतारला चार तारा असतात, चौथी मागाहून आली. वाद्य हलकं, पोट लहान, बहुधा तुतीच्या लाकडाचं. दांडीला तातीचे पंचवीसच्या आसपास पडदे बांधलेले. वाजवायचं उजव्या तर्जनीच्या नखाने. आपण तारेच्या मिजराबीला नखी म्हणतो, तिथे खरोखरच नख. आपली सतार 18व्या शतकात दिल्लीकडे घडत गेली, त्यामुळे 1325 साली वारलेल्या अमीर खुसरोंनी ती बनवली, हेही जमत नाही. मिरजेत बनणाऱ्या सतारीचा भोपळा, धातूचे कमानदार पडदे, झणकार देणारी जवारी, आपोआप गुंजणाऱ्या तारा म्हणजे तरफा यांतलं काहीही सेतारवर नाही. पडदे कमानदार असल्यामुळे सतारीवर तार खेचून लांब मींड काढता येते. सेतारवर तसली मींड निघत नाही.

‘संतूर एकच.’ इराणी संतूरला साधारणपणे 72 तारा: चार-चारच्या 18 जुड्या, प्रत्येक जुडीखाली एक घोडी. (तिथे घोडीला ‘खरक’ म्हणतात, म्हणजे लहान गाढव.) नऊ जुड्या पितळी, खर्जाच्या, नऊ पोलादी. पोलादी तारा घोडीच्या दोन्ही बाजूंना वाजतात, पलीकडच्या बाजूला वरचं सप्तक मिळतं. असे एकूण 27 सूर. घोडी जराशी सरकली की दोन सप्तकांचा मेळ बिघडतो. जुडीतली एक तार किंचित उतरली तरी आवाज थरथरतो. सूर मोजकेच असल्याने दस्तगाह बदलला की काही जुड्या पुन्हा जुळवाव्या लागतात. काश्मिरी संतूरची परंपरागत रचना वेगळी आहे, शंभराच्या घरात तारांची.

‘दस्तगाह म्हणजे राग.’ दस्तगाह सात आणि त्यांच्या आश्रयाचे पाच उपगट (त्यांना ‘आवाज़’ म्हणतात), असे बारा गट. प्रत्येकात ‘गूशे’ नावाच्या लहान-लहान सुरावटी ठरलेल्या क्रमाने येतात. सगळ्यांच्या संग्रहाला ‘रदीफ’ म्हणतात. इराणी वादक मिर्झा अब्दुल्ला (1843–1918) यांच्या रदीफमध्ये दोनशेहून अधिक गूशे आहेत आणि विद्यार्थी ते तोंडपाठ करतो. दस्तगाहच्या आत सुरावटीचं केंद्रच हलतं. चहारगाहमध्ये ‘दरामद’ हा गूशे षड्जाभोवती, ‘ज़ाबोल’ गंधाराभोवती, ‘हेसार’मध्ये पंचम जणू नवा षड्ज, ‘मोखालेफ’ धैवतावर. अधूनमधून ‘फोरूद’ घेऊन मूळ सुराकडे उतरायचं. रागात वादी, म्हणजे मुख्य सूर, असा फिरत नाही.

‘चहारगाह म्हणजे भैरव.’ फसगत सर्वांत जास्त इथे होते, कारण कागदावर दोन्ही सारखे दिसतात: सा रे ग म प ध नी, रे आणि ध उतरलेले. पण किती उतरलेले? सप्तकाचे 1200 सेंट धरले तर कोमल रिषभ शंभरच्या जवळपास, भैरवात तर त्याहून थोडा खालीच. चहारगाहचा रिषभ साधारण 130–140 वर बसतो. धैवताचंही तसंच. हा ‘कोरोन’ सूर. स्वरलेखनातली त्याची खूण इराणी संगीतकार अली-नकी वज़ीरी (1887–1979) यांनी रूढ केली. पेटीवर कोमल आणि शुद्ध रिषभ आळीपाळीने दाबून पाहा. कोरोन या दोन पट्ट्यांच्या मधे आहे आणि पेटीवर तो नाहीच. म्हणून पेटीच्या साथीने चहारगाह गायला गेलं की भैरवच उरतो, आणि ‘बघा, एकच आहे’ असं म्हणायला लोक मोकळे होतात.

शूर या दस्तगाहच्या दुसऱ्या सुराचीही हीच गोष्ट. शूरला भैरवी म्हणणं चूकच.

‘तहरीर म्हणजे तान.’ तान सहसा लयीत बांधलेली असते आणि समेकडे जाते. इराणी ‘आवाज़’गायनात (हा शब्द इथे गाण्याच्या प्रकारासाठी, वरच्या उपगटांसाठी नव्हे) तालाचं आवर्तन नसतं; हाफ़िज़, सादी या फारसी कवींच्या गझलांचं वृत्तच लय धरतं, साथीचं वाद्य गायकाची ओळ संपल्यावर तिला उत्तर देतं. तहरीर बहुधा ओळीच्या शेवटी ‘आ’कारावर येते. छातीचा आवाज क्षणभर तुटून वरच्या पातळ आवाजात जातो, लगेच परततो, आणि हे भरभर होत राहतं. आपल्याकडे गळा असा ‘फुटला’ तर गुरू थांबवतो. तिथे तेच तासन्‌तास घोटायचं असतं. इराणी गायक मोहम्मद-रेज़ा शजारियन (1940–2020) यांचं कोणतंही आवाज़ काढा, शब्द संपल्यानंतरची दहा सेकंद ऐका: प्रत्येक सुराच्या टोकाला ती बारीक उडी ऐकू येईल.