२५२० : गुपित कसलं, हा तर लसावि!

गेली कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. २५२० ही म्हणे ‘विचित्र’ संख्या. १ ते १० सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी जगातली एकमेव, गणितींना चक्रावून सोडणारी, रामानुजन यांनी शोधलेली. आणि गुपित काय, तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने. परवा तो माझ्या सहावीतल्या भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मात्र राहवेना.

‘एकमेव’ तर अजिबात नाही. २५२० ची दुप्पट ५०४०, तिप्पट ७५६०. दोन्हींना १ ते १० ने भाग जातो. हव्या तितक्या पटी करा, अशा संख्या संपणारच नाहीत. २५२० त्यातली सगळ्यात लहान, एवढंच खरं.

चक्रावण्यासारखंही काही नाही. वही घ्या. ८ साठी तीनदा २ हवा, ९ साठी दोनदा ३, मग एक ५ आणि एक ७. ८×९×५×७ = २५२०. ६ आणि १० चे अवयव आधीच आत आलेत. शाळेतला लसावि तो हाच. नवव्या शतकात गणिती महावीराचार्यांनी त्याला ‘निरुद्ध’ म्हटलं होतं. भाचीने हे स्वतः मांडलं आणि लगेच विचारलं, “मामा, मग १ ते १२ साठी?” फक्त ११ ने गुणायचं, २७,७२०. मेसेज वाचून ‘अरे वा’ म्हणणाऱ्या मुलाला हा प्रश्न सुचत नाही, माझा राग त्यावर आहे.

कॅलेंडरचं म्हणाल तर ३०×१२ = ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. तो ७ आठवड्यातून आणला की काम झालं! पण वर्षाचे खरे ३६५ दिवस घेऊन ७ ने गुणा. २५५५ येतात, त्यांना २ नेही भाग जात नाही, ३ नेही नाही.

राहिले रामानुजन. २५२० त्यांनी ‘शोधली’ नाही, पण तिच्या कुळाचा अभ्यास त्यांनी केला, आणि तो या मेसेजपेक्षा कितीतरी देखणा आहे. २५२० ला ४८ विभाजक आहेत. तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके नाहीत. तिच्याआधी १६८० ला ४० होते, पुढे ५०४० ला थेट ६०. विभाजकांचा असा विक्रम मोडत जाणाऱ्या संख्यांवर रामानुजन यांनी इंग्लंडमध्ये असताना १९१५ साली मोठा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यावरच १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. निबंधातला तक्ता जवळजवळ पावणेसात लाख कोटींपर्यंत जातो. संगणक नसलेल्या काळातल्या त्या तक्त्यात एकच संख्या निसटली आहे : २९,३३१ कोटी ८६ लाख २५ हजार ६००.