शहाण्यांपासून आम्हाला वाचवा!

वेल्श कवी डिलन थॉमसच्या ‘अंडर मिल्क वूड’ या नभोनाट्याला ‘गोड नाटक’ म्हणणाऱ्यांशी मला एकदा कडाक्याचं भांडायचंय. वेल्सच्या समुद्रकाठचं लारेगब नावाचं काल्पनिक गाव, तिथला एक दिवस, सगळे कसे विक्षिप्त पण प्रेमळ... अहो, त्या गावातला मास्तर बायकोला विष घालायची स्वप्नं बघतो!

हे मास्तर, मिस्टर प्यू, जेवायला बसलेत. समोर नामांकित विषप्रयोग करणाऱ्यांची चरित्रं, पुस्तकाला खाकी कव्हर. बायको विचारते, काय वाचताय? साहेब थंडपणे सांगतात, धार्मिक ग्रंथ आहे, थोर संतांची चरित्रं. तिकडे मिसेस ऑगमोर-प्रिचर्डचे दोन नवरे मेलेत, तरी सुटले नाहीत. स्वप्नात येऊन दिवसभराच्या कामांची उजळणी करावी लागते बिचाऱ्यांना. तिच्या साफसफाईला कंटाळून दुसऱ्याने जंतुनाशक पिऊन जीव दिला होता. सूर्याला आत घ्यायचं तर आधी त्याने पाय पुसायला हवेत, अशी ही बाई.

थॉमसचा आधीचा बेत वेगळा होता. अख्खं गाव वेडं ठरवलं जातं, गाव खटला लढतं, आंधळा कॅप्टन कॅट बचावाचा वकील. विरुद्ध बाजू आदर्श शहाण्या गावाचं वर्णन करते आणि ते ऐकताच गावकरी माघार घेतात: आम्हाला त्या शहाण्या जगापासून ताबडतोब तोडा! कल्पना झकास. पण त्याने ती सोडली ते बरंच केलं असं माझं मत. खटला राहिला असता तर गाव निर्दोष आणि जग दोषी, एवढ्यावर सगळं मिटलं असतं.

आता गावातल्या गावात कुणाचं काय खपतं ते दिसतं. पोस्टमन विली निली बायकोच्या मदतीने वाफेवर पाकिटं उघडतो आणि पत्रातला मजकूर दारात उभा राहून सांगतो. त्याचं खपतं. मास्तरांची प्रतिष्ठा शाबूत. पॉली गार्टरला मात्र मुलं होतात, लग्न नाही, म्हणून पाण्याच्या पंपावर जमणाऱ्या बायका तिला सोलून काढतात. वेल्समधली चॅपेलं, म्हणजे प्रार्थनामंदिरं, मुळात अधिकृत चर्चला न जुमानणाऱ्यांची. पुढे त्यांनीच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चालचलणुकीवर पहारा बसवला, ही गंमत वेगळीच. इथले पाद्री एली जेंकिन्स मात्र भाबडे. आजाऱ्यांना जेली आणि कविता वाटत फिरतात. पॉली फरशी घासताना आपल्या मेलेल्या प्रियकराचं गाणं म्हणते, ते यांच्या कानावर पडतं आणि हे खूश: देवाची कृपा, आपलं राष्ट्र किती संगीतप्रेमी!

हसू येतं, आणि मग आपण कशाला हसलो याची लाज वाटते.

नाटक मुळात आवाजांसाठी लिहिलेलं. थॉमस नोव्हेंबर १९५३ मध्ये गेला, जानेवारी १९५४ मध्ये बीबीसीने ते रिचर्ड बर्टनच्या आवाजात प्रसारित केलं. रंगमंचावर आणायला हरकत काहीच नाही, पण दिग्दर्शकांनो, प्यूला विदूषक करू नका. आणि पंपावरच्या त्या बायकांना तर अजिबात गोंडस करू नका.