खुलासा : मार्कर नॉर्मल म्हणजे जठर निर्धोक नव्हे

‘सीईए आणि सीए १९-९ नॉर्मल आले की जठराचा कर्करोग नाही, मग एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठराची तपासणी) कशाला?’ असा मेसेज म्हापसा-फोंड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. साफ चूक. सीईए आणि सीए १९-९ हे ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणारे पदार्थ. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांचे हे मार्कर नॉर्मलच असतात. उलट सिगारेट ओढणाऱ्याचे सीईए कर्करोग नसतानाही वाढलेले असू शकते, पित्तनलिका तुंबली की सीए १९-९ भडकते. लुईस-निगेटिव्ह रक्तगटात (ही ए-बी-ओपेक्षा वेगळी रक्तगट पद्धत) तर ते जवळपास तयारच होत नाही. मार्करचा खरा उपयोग निदानानंतर, उपचार लागू पडतोय का हे पाहायला. डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा), घटते वजन, गिळताना अडकणे असेल तर एंडोस्कोपीच. व्रण (अल्सर) दिसल्यास त्याच्या कडेचे आणि तळाचे ६ ते ८ तुकडे बायोप्सीला (सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीला) जातात. एकाच तुकड्यात रोग निसटू शकतो.