गांजाचा धूर विषाणू मारत नाही

परवा खानापूरहून आत्तीचा फोन. "नातवाला ताप आलाय. ग्रुपवर आलंय तसं दुधातनं चिमूटभर भांग दिली तर चालतंय काय रे?" पोर चार वर्षांचं. माझे हातपाय गार पडले.

मेसेज तुम्हीही वाचला असेल. अमेरिकेत सिद्ध झालं म्हणे, गांजा कोरोनासकट सगळे विषाणू अडवतो. धूर ओढा, फुफ्फुसं साफ होतील. पोरांना दुधातून द्या. झाडपाला आहे, अपाय नाही. कोरोनाचं औषध दडपायला सरकारनं बंदी घातली.

अमेरिकेतलं संशोधन खोटं नाही, हे कबूल करावं लागतं. जानेवारी 2022 मध्ये ऑरेगॉनच्या विद्यापीठानं ते छापलं. या झाडातली सीबीजीए आणि सीबीडीए ही आम्लं कोरोना विषाणूच्या अंगावरच्या काट्यांना चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत, असं दिसलं. पण हे घडलं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, माणसात नव्हे. शिवाय ही आम्लं उष्णतेनं मोडतात, सीबीडीएचं सीबीडी हे नशा न आणणारं वेगळंच रसायन होतं. म्हणजे ज्या आम्लांच्या जिवावर मेसेज उभा आहे, ती चिलीम पेटवली की जवळपास उरतच नाहीत. उरतो तो धूर, आणि त्यानं खोकला वाढतो.

मग सीबीडीचं काय? ब्राझीलमध्ये सौम्य ते मध्यम कोरोनाच्या 105 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज 300 मिलिग्रॅम सीबीडी, 14 दिवस. बाकीच्यांना तसंच दिसणारं, औषध नसलेलं. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. आजारात फरक पडला नाही.

नशा आणणारं टीएचसी सूज आणि दाह कमी करतं, हेही अर्धं खरं. पण ते ज्या पांढऱ्या पेशींना थंड करतं, त्याच विषाणूशी लढतात. फ्लू झालेल्या उंदरांना टीएचसी दिल्यावर फुफ्फुसातला विषाणू कमी झाला नाही, वाढला.

आता पोरांचं. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे. लहान मुलाला भांग गेली की ते गुंगतं, तोल जातो, कधी श्वास मंदावतो. तापात गुंगी हीच धोक्याची खूण असते. डेंग्यू बिघडतो तेव्हा पोर मलूल होतं, मेंदूज्वरात शुद्ध हरपते. डॉक्टरांनी त्या गुंगीचा काय अर्थ लावायचा? आणि घरच्यांना वाटणार, औषध लागू पडलं, शांत झोपलंय. ते तास परत मिळत नाहीत.

अमेरिकेत 2018 मध्ये मुलांच्या ठरावीक अपस्मारासाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला परवानगी मिळाली. ते मोजून देतात, यकृताची तपासणी करत. चिमटीनं नव्हे. झाडपाल्याला अपाय नाही म्हणणाऱ्यांच्या घरात रक्त पातळ करण्याची वॉरफरीन घेणारं कुणी असेल, तर सीबीडीनं तिचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. बंदीचं म्हणाल, तर गांजाबंदीचा कायदा 1985 चा आहे. तेव्हा कोरोना कुठं होता?

आत्तीला फोन ठेवू दिला नाही. रिक्षा बोलावून पोराला दवाखान्यात न्यायला लावलं. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. वेळेत कळलं, दोन दिवस सलाईन लागलं, आता पोर जेवतंय.

मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे. टाकणाऱ्याला मी दोनदा फोन केला. आज काढ, नाहीतर संध्याकाळी घरी येतोय.