‘चेरोकी मुलाची रात्र’: एक खुलासा

वयात येणाऱ्या मुलांच्या जंगल शिबिरांचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो. अमेरिकेतल्या चेरोकी जमातीत म्हणे बाप मुलाला डोळे बांधून रानात नेतो, मुलगा रात्रभर ओंडक्यावर एकटा बसतो आणि सकाळी पट्टी सोडतो, तर बाप शेजारीच! झाला मुलगा ‘पुरुष’.

गोष्ट गोड आहे, पण चेरोकींची प्रथा म्हणून ती खपवू नये. त्यांचा समाज परंपरेने मातृवंशीय. मूल आईच्या कुळाचं, बाप परक्या कुळाचा. मुलाला शिकार, रीतभात शिकवायची ती मुख्यतः मामाने. फॉरवर्डमध्ये मामा औषधालाही नाही, तिथेच पाल चुकचुकायला हवी होती.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मूनी यांनी १८८७ पासून पूर्वेकडच्या चेरोकींमध्ये राहून बरंच टिपून ठेवलं. त्यात तरुणांची खरी कसोटी दिसते ती चेंडूच्या खेळाआधी: नदीवर विधी, टर्कीच्या हाडाच्या सात दातांच्या फणीने अंगावर ओरखडे (रक्त येईपर्यंत, बरं का), आणि सशाचं मांस वर्ज्य, कारण ससा भित्रा. हे सगळं संघाने मिळून, एकट्याने नव्हे.

तेव्हा गोष्ट आवडली तर जरूर पाठवा, ‘चेरोकी’ तेवढं काढून.