लॉगबुकात न मावणारे तास

आम्हा नर्सिंगच्या विद्यार्थिनींची क्लिनिकलची, म्हणजे रुग्णालयात शिकायची, ड्यूटी आठची असते. म्हणजे वॉर्डात पावणेआठला, कारण नाइटच्या सिस्टर पेशंटची माहिती सोपवत, म्हणजे हँडओव्हर देत, बेडमागून बेड सरकतात तेव्हा वही घेऊन मागे उभं राहायचं असतं. म्हणजे गेटात साडेसातला, कारण युनिफॉर्म तिथं जाऊन चढवायचा. म्हणजे स्टॉपवर सहाला. म्हणजे अंथरुणातून पाचला, आणि डबा स्वतः करायचा असेल तर साडेचारला. ही उलटी वजाबाकी फंडामेंटल्सच्या, म्हणजे नर्सिंगच्या पायाभूत विषयाच्या, पहिल्याच तासाला शिकवायला हवी. बेड मेकिंग नंतर शिकलं तरी चालेल, तसाही स्वतःच्या बेडशी फारसा संबंध उरत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम म्हणतो की संलग्न रुग्णालय कॉलेजपासून १५ ते ३० किलोमीटरच्या परिघात असावं. परिघ म्हटला की कंपास आला. पुण्यात हडपसर गाडीतळावरून औंधच्या जिल्हा रुग्णालयात कंपासने जाता येत नाही, मध्ये विद्यापीठ चौक लागतो. शिवाय परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी पुरत असली तरी पदवी हातात पडायला प्रॅक्टिकलची पूर्ण १०० टक्के लागते. त्यामुळे चुकलेली बस कुठे जात नाही. ती दिवाळीच्या सुट्टीत फेडावी लागते.

पोस्टिंग ससून रुग्णालयाला किंवा पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाला लागली तर नशीब थोर. एकाला पुणे रेल्वे स्टेशन, दुसऱ्याला संत तुकारामनगर, मेट्रो जवळ सोडते. फक्त सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची असेल तर सात-आठ मिनिटं वेगळी धरा. तिथं वनाज-रामवाडी मार्ग डोक्यावरून जातो आणि पिंपरी-स्वारगेट मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. सरकत्या जिन्यावर उभं राहून झोप लागू शकते, हे आम्ही सिद्ध केलेलं आहे.

बसमध्ये जागा निवडायची असेल (हे लिहिताना हसू येतंय) तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली. शेवटची रांग मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकलेली असते, म्हणून प्रत्येक खड्ड्याला तीच सगळ्यात उंच उडते. तिथं रिकाम्या पोटी, मांडीवर पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, म्हणजे केअर प्लॅन, घेऊन बसलं की मळमळ ठरलेली. डोळे म्हणतात कागद जागेवर आहे, आतला कान म्हणतो आपण हलतोय, आणि मेंदू दोघांचा राग पोटावर काढतो. म्हणून बसमध्ये लिहू नये. लिहिलंच, तर अक्षर असं येतं की मॅडमना ते डॉक्टरांचं वाटतं. औषधांचे डोस आणि नॉर्मल व्हॅल्यूज मात्र डोळे मिटून पुटपुटता येतात. लोकांना वाटतं जप चाललाय, आणि कोणीतरी सरकून जागा देतं. डावीकडच्या बायकांच्या सीटवर दादा बसलेले असतील तर सायकिअॅट्रीची तयारी करून घ्यावी: शांत आवाज, सरळ नजर, एकच वाक्य, तेही दोनदाच.

युनिफॉर्म घालून प्रवास करू नये. रस्त्याची धूळ वॉर्डात जाते आणि वॉर्डातले जंतू बसमध्ये उतरतात, हे पुस्तकातलं कारण. खरं कारण म्हणजे पांढरे कपडे दिसले की शेजारच्या आजी हात पुढे करतात. "बाळा, बीपी बघ की जरा." आजी, मशीन नाहीये. "मग नाडी बघ." नाडी पूर्ण ६० सेकंद मोजायची असते, आणि तेवढ्यात ड्रायव्हर चार वेळा ब्रेक मारतो. आपला आकडा आजींचा की बसचा, कळत नाही.

तर युनिफॉर्म पिशवीतून न्यायचा, पण घडी घालून नाही. बाह्या आत दुमडायच्या, मध्ये जुना टॉवेल ठेवायचा आणि खालून वर गुंडाळायचं. घडीची रेघ पडत नाही. परतताना तोच युनिफॉर्म वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. घरी इतर कपड्यांत न मिसळता ६० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं. जून ते सप्टेंबर स्टार्चचा मोह सोडा. कडक केलेला एप्रन दमट हवेत दुपारपर्यंत ओल्या पापडासारखा होतो. काळे शूजही पिशवीत, पायात सँडल, आणि मोज्यांचा एक जादा जोड. ओल्या मोज्यांत सहा तास उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि मग आपणच स्किन ओपीडीत. काचेचं थर्मामीटर गर्दीत फुटतं, तेव्हा डिजिटल घ्या. कात्री मात्र टोपण लावूनच, शेजाऱ्याच्या बरगडीची काळजी म्हणून.

पहाटे भरलेला डबा अडीचला उघडतो. भात अजिबात नको. बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, कोमट डब्यात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं उलटीचं विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. मायक्रोबायोलॉजीत यावर पाच मार्क मिळतात, डब्यात मिळाले तर सलाइन. ओलं खोबरं, रस्सा तसलेच. वाफ जाऊ दिलेली चपाती, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, झालं. निघताना मात्र उकडलेलं अंडं नाहीतर केळं पोटात गेलंच पाहिजे. उपाशी पोटी हँडओव्हरला उभी राहिलेली मुलगी तिसऱ्या बेडपाशी पांढरी पडते आणि चौथ्या बेडवर अॅडमिट होते.

राहिलं पाणी. पेशंटला आम्ही बजावतो, दिवसाला अडीच लिटर प्या, लघवी तुंबवू नका. स्वतः सहाच्या बसला बसायचं म्हणून पहाटेपासून घसा कोरडा, वॉर्डात वेळ नाही, परतीला पुन्हा बस. पेशंटच्या इनटेक-आउटपुट चार्टवर (पाणी किती गेलं, लघवी किती झाली) आमचं नाव घातलं तर लगेच डॉक्टरांना कळवावं लागेल. यावर त्यातल्या त्यात उपाय असा: पोचल्यावर कपडे बदलायच्या आधी अर्धा लिटर, सुट्टी होताच अर्धा लिटर, आणि बस पकडण्यापूर्वी हॉस्पिटलचं बाथरूम, गरज वाटो न वाटो.

पालखी मुक्कामाला असताना आणि विसर्जनाच्या दिवशी वरची सगळी वेळापत्रकं फाडावीत. मध्य शहरात तेव्हा आपली दोन पावलं तेवढी चालू असतात.

परतीच्या बसमध्ये झोप येते. घड्याळाचा गजर लावून उपयोग नसतो, कारण चारचा गजर कधी स्वारगेटला वाजतो तर कधी त्याच्या तीन किलोमीटर अलीकडे सिग्नलला. कंडक्टरला सांगून ठेवावं, "काका, कात्रज आलं की उठवा." ते उठवतात. नुसतं उठवत नाहीत, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं विचारतात, "ओ सिस्टर, ड्यूटी संपली का?"

असे काका ओळखीचे होईपर्यंत महिना सरतो आणि नोटीस बोर्डावर नवी रोटेशनची यादी लागते: येरवडा, प्रादेशिक मनोरुग्णालय. भोवती मुलींचा घोळका जमतो. वॉर्ड कुठला, इन्चार्ज कोण, हे कोणी विचारत नाही. सीनियरला गाठून दोनच प्रश्न असतात: बस कुठून, आणि तिथलं बाथरूम कुठं?